तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या जीपला दुसरं इंजिन कुठलं घालायचं?

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुणाची जुनी फोर बाय फोर जीप धूर टाकायला लागली की मला ठरलेला प्रश्न येतो, इंजिन संपलंय, आता कुठलं घालू? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक आधीच काहीतरी ठरलेलं असतं, कुणाला क्वालिसचं हवं असतं, कुणाला थारचं सीआरडीई (कॉम्प्युटरवर चालणारं नव्या पद्धतीचं डिझेल इंजिन), कुणी तर स्क्रॅपवाल्याला ॲडव्हान्स देऊनच मग विचारतो. माझं उत्तर गेली कित्येक वर्षं तेच आहे. महिंद्राची डिझेल जीप असेल तर महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय डिझेल इंजिन घाला, मेकॅनिकल पंपाचं, म्हणजे कॉम्प्युटर नसलेलं. का ते नीट सांगतो, कारण नुसतं नाव सांगितलं की लोकांना वाटतं याला नवीन काही आवडत नाही.

आपली गाडी चालते कुठं ते आधी बघा. जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं, डांबर सोडून आत वळलं की पावसाळ्यात तांबड्या मातीची नुसती राड, वरून जांभ्याचे दगड, मध्येच ओढा. (भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, पण पाणंदी आणि काजूच्या बागांतले रस्तेही काही कमी नाहीत.) अशा ठिकाणी गाडी माणसाच्या चालीनं जाते, तिथं तीन-चार हजार आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांना) मिळणारी ताकद काय कामाची, ओढ पाहिजे ती १५०० च्या आसपास. आकडेच बघा. जिप्सीचं १.३ लिटर पेट्रोल ८० बीएचपीचं, पण टॉर्क, म्हणजे ओढ, १०३ एनएम आणि तोही ४५०० आरपीएमला. पहिल्या थारमधलं डीआय फक्त ६३ बीएचपीचं, पण टॉर्क १८२.५ एनएम आणि तो १५०० पासूनच. जिप्सी हलकी म्हणून निभावून नेते, रेस देऊन उडत जाते, मला ती गाडी मनापासून आवडते. पण जड लोखंडी बॉडीच्या जीपला तसं चालवायला गेलात तर क्लच प्लेटचा वास आलाच म्हणून समजा.

डीआयची ही ओढ येते कुठून? महिंद्राच्याच जुन्या एमएम ५४० जीपमधल्या प्युजो इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ९० मिलीमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३, एकूण २११२ सीसी. डीआयचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. हे माप इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाचं आहे, घराणंच शेतातलं. लांब स्ट्रोक, आरामात फिरणार, आवाज भरपूर, पण चढावर गुदमरत नाही. प्युजो वाईट नाही हो, रस्त्यावर ते जास्त गुळगुळीत चालतं आणि तुमचं प्युजो अजून चांगलं असेल तर ते काढूच नका. आधी कॉम्प्रेशन मोजा, पंप कॅलिब्रेट करा, नोजल तपासा, काळ्या धुराच्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुधारतात. ऑइल पिऊन निळा धूर येत असेल आणि कॉम्प्रेशनही गेलं असेल तरच इंजिन उचलायची भाषा.

आता क्वालिसचं. टोयोटाचं टू-एल, २४४६ सीसी, ७५ बीएचपी, अतिशय चांगलं इंजिन. पण ते जीपच्या गिअरबॉक्सला बसवायला मधे ॲडाप्टर प्लेट लागते, माउंटिंग नवीन, ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलला लागतंय का ते बघा, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या वाटेत येतो का ते बघा. टायमिंग बेल्टवालं आहे, वेळेत बेल्ट बदलावा लागतो, आणि एकदा का गरम झालं की हेड धोक्यात. तरी करायचंच असेल तर बेळगावसारखी जागा नाही, उद्यमबागेत फाउंड्री आहे, मशीन शॉप आहे, क्रँक ग्राइंडिंग, बोरिंग सगळं आहे. फक्त प्लेट करून देणारा मेस्त्री ती मधोमध बसली का ते बघायला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावतो का ते उभं राहून बघा. चांगला मेस्त्री फ्लायव्हीलवर मॅग्नेट स्टँड चिकटवतो, डायलचं टोक बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घराच्या) आतल्या गोलाला टेकवतो आणि पुढून पान्यानं क्रँक हळूहळू फिरवतो, पूर्ण फेरा होईपर्यंत कुणी बोलत नाही, सगळ्यांचे डोळे काट्यावर. काटा जागच्या जागी थरथरला तर ठीक, एका बाजूला पळाला तर प्लेट परत मशीनवर. हे न करता नुसते बोल्ट आवळून दिले की थोड्याच दिवसांत गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं आणि दोष मात्र इंजिनाला मिळतो.

सीआरडीईचा मोह मी समजू शकतो, २४७ एनएम आहे शेवटी. पण त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं वायरिंग, सेन्सर, पेडलसुद्धा आणावं लागतं, आणि एका कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर रानात स्कॅनर कुठून आणणार? मेकॅनिकल पंपाचं इंजिन एकदा चालू झालं की पंपाच्या सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) एक वायर पुरते, काही गाड्यांत तीही नसते, बंद करायला ओढायची केबल असते. शिवाय एवढा टॉर्क जुन्या गिअरबॉक्समधून लो रेंजला (चढाला लावायच्या जादा खालच्या गिअरला) गेला की ॲक्सलपर्यंत कितीतरी पट होऊन पोचतो. महिंद्राच्या जुन्या सीजे थ्री-बी जीपचं गणित करा, पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, डिफरन्शियल ५.३८, गुणाकार साधारण ३७. म्हणून तर छोटं इंजिनही तिथं पुरतं, आणि म्हणूनच मोठं इंजिन घातलं की शाफ्ट तुटतात.

पार्टचं तर विचारूच नका. जिथं बोलेरो पिकअप आहे तिथं डीआय उघडणारा माणूस आहे, खानापूर असो, चंदगड असो. पार्ट घेताना मात्र इंजिन नंबर सांगूनच घ्या, सगळ्या डीआयचं सगळंच सारखं नसतं.

जुनं इंजिन घ्यायला जाल तेव्हा ते थंड असताना जा, आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. चालू करून ऑइल भरायचं झाकण काढा, तिथून धूर भकाभका येत असेल तर पिस्टन-रिंगा गेल्या. क्लचसकट बसलेलं असेल तर एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढची पुली बघा, पुढं सरकताना डोळ्याला दिसली तर सोडून द्या. अल्टरनेटर व्हॅक्यूम पंपासकटच मागून घ्या, डिझेलला ब्रेक बूस्टरसाठी तो लागतोच, साधा अल्टरनेटर लावला तर उतारावर पेडल दगडासारखं होईल. रेडिएटरमागचं श्राउड (फॅनभोवतीचं कडं) पण टाकून देऊ नका, माणसाच्या चालीनं चढताना वारा मिळतो तो फक्त फॅनचा.

कागदाचं आपल्या सीमाभागात जरा जास्तच बघावं लागतं. गाडी बेळगावची केए २२, इंजिन कोल्हापूरकडच्या एमएच ०९ च्या गाडीतून काढलेलं, असं इथं सर्रास होतं. विक्रीची पावती आणि त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घेतल्याशिवाय इंजिन टेम्पोत चढवू नका, नंबर खोडलेला असेल तर फुकट दिलं तरी नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी, काम नंतर, मग आरसीवर नवीन इंजिन नंबर. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, त्यामुळं त्याच कंपनीचं, त्याच मेकचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर तुमचं म्हणणं मांडायला सोपं जातं. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा, क्लेमच्या वेळी ते नंबरच बघतात.

आणि ज्यांच्याकडं अजून पेट्रोलवाली सीजे थ्री-बी आहे त्यांना हात जोडून सांगतो, ते हरिकेन इंजिन काढू नका. २.२ लिटरचं आहे, तेही खालच्या आरपीएमलाच ओढतं, बोअर करून, क्रँक घासून, व्हॉल्व्ह बसवून उद्यमबागेत ते पुन्हा उभं राहतं. पेट्रोल जास्त पिईल, पिऊ दे.