दाण्यापासून चॉकलेटपर्यंत : आमची वाटचाल

अमळनेरला आमची दाण्यांची भट्टी आबांच्या वडिलांच्या वेळची. आबा म्हणजे माझे सासरे. पऱ्हाट्यांचा म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा जाळ, लोखंडी कढई, कढईत तापलेली रेती आणि त्या रेतीत तडतडणारे दाणे, फुटाणे, मुरमुरे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या उशांनासुद्धा भाजलेल्या दाण्यांचा वास होता. आज त्याच भट्टीच्या मागच्या खोलीत चॉकलेट बनतं. नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, भट्टीवाल्यांच्या घरात चॉकलेट शिरलं कसं? नीट उत्तर द्यायला दुकानात वेळ मिळत नाही, म्हणून इथे लिहिते.

पहिलं वर्षभर आबांनी मला झाऱ्याला हात लावू दिला नाही. नुसतं शेजारी बसायचं. ते कढईत पाहत नसत, मान जराशी कलती करून ऐकत. "दाना बोलस, बेटा. आयक." मी माहेरची शिरपूरची, त्यामुळे अहिराणी कळायची, पण दाण्याची बोली कळायला वर्ष गेलं. रेतीत पडल्यापडल्या दाण्याचा आवाज जड असतो. आतली ओल निघाली की साल सुटायला लागते आणि टिकटिक सुरू होते. टिकटिक दाट होते, मग विरळ होते. ती विरळ व्हायला लागली की लगेच चाळणीवर घ्यायचं, कारण खाली उतरवलेला दाणाही आतल्या उष्णतेवर भाजत राहतो. कढईतच नेमका झालेला दाणा चाळणीवर करपतो. थोडा अलीकडे काढलेला चाळणीवर पाच मिनिटांत नेमका होतो.

चॉकलेट मी २०१२ साली पुण्यात तीन दिवसांच्या वर्गात शिकले. मुलांचे वाढदिवस, राखी, दिवाळी, एवढाच तेव्हा विचार होता. घरी येऊन पहिला घाणा केला. बाजारातून काजू-बदामाचे तुकडे आणले, वितळवलेल्या चॉकलेटात घातले, साच्यात ओतले, सोनेरी कागदात गुंडाळले. दिसायला फार सुरेख झाले होते. आबांना पहिला दिला. त्यांनी सावकाश चावला आणि म्हणाले, "गोड शे, पन दाना कच्चा शे."

या एका वाक्यावर आमचा पुढचा सगळा धंदा उभा आहे. वर्गात मला चॉकलेट शिकवलं होतं, आत घालायच्या दाण्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. काजू, बदाम घाला, झालं. आणि आमच्या घरात तर तीन पिढ्यांनी दाण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. त्या रात्री मी बदाम भट्टीवर नेले.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली. बदामाला रेती चालत नाही, त्याला ओव्हनची मंद, सगळीकडून सारखी आच लागते. साधारण दीडशे अंशांवर पंधरा मिनिटं झाली की एक बदाम मधोमध कापून बघायचा. आत पांढरा असेल तर कच्चा, सायीच्या कडेसारखा बदामी झाला असेल तर बरोबर. काजू त्याहून नाजूक. त्याच्यात पिष्ट जास्त, रंग झटकन चढतो आणि मग कडवटपणा येतो. अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा काहींना आवडतो, मला कडू चॉकलेटात तो नको वाटतो, म्हणून आम्ही अक्रोड फक्त दुधाच्या चॉकलेटात घालतो. आणि भुईमुगाचा दाणा अजूनही आबांच्याच पद्धतीने रेतीत भाजतो. फक्त नंतर दोनदा चाळून, साल काढून, कापडावर घासून घेतो. रेतीचा एक कण जरी चॉकलेटात गेला तरी दाताखाली कळतो.

सुरुवातीची तीन वर्षं आम्ही कंपाउंड वापरत होतो, हे मोकळेपणाने सांगते. कंपाउंड म्हणजे कोको पावडर, साखर आणि कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी. ते स्वस्त, ओतायला सोपं, उन्हाळ्यात टिकणारं. पण जिभेवर ते पूर्ण वितळत नाही, टाळूला मेणासारखा थर राहतो आणि दाण्याची चव त्या थराखाली दबते. हा फरक अमळनेरच्या माणसाला समजावणं मला फार सोपं गेलं. विप्रो कंपनीची सुरुवात १९४५ साली आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. वनस्पती तूप आणि साजूक तूप यांत काय अंतर असतं, हे इथल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनाही ठाऊक. मी एवढंच म्हणायची, कंपाउंड ते वनस्पती आणि कोको बटरचं चॉकलेट ते साजूक. पुढे एक शब्द बोलावा लागत नसे.

साजूक चॉकलेटाचे लाडही फार. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. माणसाच्या तोंडात ३७ अंश असतात, म्हणून ते जिभेवर विरघळतं, हे त्याचं सुख. आणि आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, हे आमचं दुःख. त्यात टेम्परिंग नावाचा प्रकार. कडू चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत २७-२८ पर्यंत खाली आणायचं, पुन्हा ३१-३२ वर न्यायचं. असं केलं तरच त्यातल्या चरबीचे कण योग्य रचनेत बसतात, वर चकाकी येते आणि मोडताना 'कट्' आवाज होतो. एका अंशाची चूकही दिसून येते.

आमच्याकडून ती एका दिवाळीला झाली. ऑर्डर मोठी, हाताखाली माणसं कमी. चाळणीवरचे बदाम गार होण्याची वाट न बघता मी ते कोमटच टेम्पर केलेल्या चॉकलेटात घातले. त्या उष्णतेने सगळी बसलेली रचना मोडली. माल गेला तेव्हा ठीक दिसत होता. चौथ्या दिवशी फोन सुरू झाले, चॉकलेटावर बुरशी आली म्हणून. ती बुरशी नव्हती, चरबी वर येऊन पांढुरके डाग पडले होते, खायला काही अपाय नव्हता. पण लक्ष्मीपूजनाच्या डब्यात पांढरे डाग पडलेली मिठाई कोण ठेवील? जवळजवळ चाळीस किलो माल परत घेतला आणि पैसे दिले. त्या रात्री मी रडले, आणि आबा शेजारी बसून राहिले. तेव्हापासून भाजलेला दाणा रात्रभर पसरून, दुसऱ्या दिवशी सकाळीच चॉकलेटात जातो. कितीही घाई असो.

उन्हाळ्याचंही गणित हळूहळू बसलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमचा मोठा सण, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि परत निघताना लेकीच्या हातात काहीतरी द्यायचं असतं. पण आखाजी येते ऐन उन्हात. त्या दिवसांत आम्ही रात्री अकराला काम सुरू करतो आणि पहाटे सहाला थांबतो. वीज गेली तर खोली गार ठेवायला इन्व्हर्टर आहे. धुळ्या-जळगावचा माल पहिल्या एसटीने किंवा पहाटेच्या गाडीने, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसह जातो. सकाळी नऊनंतर आम्ही उन्हाळ्यात कोणालाच माल देत नाही. यावरून दोन दुकानदार नाराज होऊन तुटले, त्याला इलाज नाही.

आता खायचं कसं, ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याच्यावर. आपल्याकडे चॉकलेट फ्रीजमधून काढून सरळ तोंडात टाकायची सवय आहे. गार चॉकलेटाची चव जिभेला अर्धीही कळत नाही. पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, कागद न उघडता, म्हणजे पाणी सुटायचं ते कागदावर सुटेल. मग वास घ्या. नीट भाजलेला दाणा असेल तर कोकोच्या आधी दाण्याचा वास येतो. तुकडा मोडा आणि आवाज ऐका. मग जिभेवर ठेवा आणि लगेच चावू नका. दहा आकडे मोजा.

या दहा आकड्यांत सगळं घडतं. चॉकलेट कडेने सुटायला लागतं, आधी गोडवा येतो, मग कोकोची हलकी आंबट बाजू, मग कडवटपणा. जिभेला मधे दाणा लागतो, चॉकलेटात बुडालेल्या खडकासारखा. चॉकलेट वितळणारं आणि दाणा न वितळणारा, त्याला फोडावंच लागतं. चॉकलेट अर्धं सुटलेलं असताना दाणा फोडला तर त्यातलं खरपूस तेल वितळत्या कोकोत मिसळतं आणि एक तिसरीच चव तयार होते. ती ना दाण्याची ना चॉकलेटाची. फार लवकर चावलं तर ती चव लागत नाही, फार उशिरा चावलं तर तोंडात नुसता दाणा उरतो. दाण्याच्या चॉकलेटात आम्ही चिमूटभर मीठही घालतो, खाऱ्या दाण्याची आठवण म्हणून. मीठ शेवटी लागतं आणि हात पुन्हा डब्याकडे जातो.

बदामाचं भारी, दाण्याचं हलकं, ही समजूत मला कधीच पटली नाही. भुईमूग, काजू आणि कोको ही तिन्ही झाडंझुडपं मूळची दक्षिण अमेरिकेची, एकाच मुलखातली भावंडं. काजू पोर्तुगीजांनी गोव्याकडे आणला म्हणून तो शाही झाला, आणि भुईमूग आपल्या रानात रुजला म्हणून तो गरिबाचा ठरला. आमच्याकडे तर 'जेएल-२४' म्हणजे 'फुले प्रगती' हा वाण जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आला, नावातलं 'जेएल' म्हणजे जळगावच. उपट्या भुईमुगाचा ताजा दाणा, नीट भाजलेला, कडू चॉकलेटात घालून बघा. दर स्वस्त असला तरी चव बदामाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. (दाण्याची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी मात्र आमचं कुठलंच चॉकलेट खाऊ नये. एकाच खोलीत सगळं बनतं, तसं डब्यावर ठळक छापलेलं आहे.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. आम्ही एक टेबल मांडलं होतं. मुंबई, नागपूर, कोल्हापूर, कुठून कुठून लोक आले होते. मी नावं न सांगता दोन तुकडे द्यायचे, एक बदामाचा आणि एक भाजक्या खाऱ्या दाण्याचा, आणि दहा आकडे मोजायला लावायचे. हातात पुस्तकांच्या पिशव्या घेतलेली माणसं डोळे मिटून उभी राहायची. एका आजोबांनी दाण्याचा तुकडा खाल्ला, काही न बोलता पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले आणि सहा डबे घेऊन गेले. तीन दिवसांत दाण्याचं चॉकलेट आधी संपलं.

त्याच वर्षी कोकोने मात्र फेस आणला. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे हवामान बिघडलं, झाडांवर रोग पडला, आणि वर्षानुवर्षं टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबर २०२४ मध्ये बारा हजारांच्या वर गेला. अनेकांनी सुचवलं, परत कंपाउंडवर या, गिऱ्हाइकाला काय कळतंय. गिऱ्हाइकाला कळतं. आम्ही चॉकलेट तेच ठेवलं, तुकडा थोडा लहान केला आणि आत दाण्याचं प्रमाण वाढवलं. इटलीतल्या तुरिन शहरात कोको महागला तेव्हा तिथल्या कारागिरांनी त्यात हेझलनट वाटून घातलं आणि त्यातून जांदुया हा प्रकार जन्मला, असं सांगतात. आम्ही आमच्या परीने भाजलेला दाणा पाट्यावर वाटावा तसा मऊ वाटून चॉकलेटात मिसळला. तो प्रकार आज आमचा सगळ्यात जास्त खपतो. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जरा श्वास घेता आला. त्या दिवशी सकाळीच दुकानात नवीन भावाची पाटी लावली.

सध्या डोक्यात चारोळी आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया चारोळी वेचतात, फोडतात. एवढासा दाणा, पण तेल भरपूर, म्हणून फार लवकर खवट होतो. रेतीत भाजली की तिचा सुगंध उडून जातो. नुसत्या कोमट तव्यावर दोन मिनिटं, हाताने हलवत, एवढंच तिला पुरतं. चोपड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून पावरा या आदिवासी समाजातल्या एक मावशी दोन वर्षं आम्हाला चारोळी आणून देतात. गेल्या खेपेला पहिला जमलेला घाणा मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी वीस-पंचवीस वर्षं चारोळी वेचली, चॉकलेटात ती कधी खाल्ली नव्हती. मी दहा आकड्यांचं काही सांगितलं नाही. त्यांनी सावकाश चघळलं, जिभेने दाणे शोधले, आणि म्हणाल्या, "चारोळी कमी आहे."

आबा खाटेवरून हसले. दुसऱ्या दिवशी आम्ही किलोमागे चारोळी दीडपट केली.