पेटारीची कुंडी : जून ते ऑक्टोबर

तर मंडळी, आपली पेटारी, म्हणजे ते पिवळ्या फुलांचं रानझुडूप, एकदाची फुलली. जळगावच्या गच्चीवर, १२ इंची कुंडीत, काळ्या मातीत थोडी वाळू घालून. आजीने पहिल्याच दिवशी विचारलं, "हाई काय शे? उपाडी फेकी दे." जन्म कपाशीच्या वावरात गेलेल्या बाईला नातू पैसे घालून तण वाढवतोय हे पटणार कसं.

जानेवारीत मेहरूण तलावाच्या रस्त्यावरून वाळलेली फळं आणली होती, जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर २० बिया अशाच टाकल्या आणि तीन आठवडे वाट बघितली, एकही उगवली नाही. चूक माझीच, या बीचं कवच इतकं टणक की पाणी आतच जात नाही. दुसऱ्या खेपेला पॉलिश पेपरवर एकेक बी हलकी घासली (नखं पण घासली गेली, असो), रात्रभर कोमट पाण्यात ठेवली, जी फुगली तेवढीच लावली. पाचव्या दिवसापासून कोंब. २० पैकी १३. त्यातलं एकच ठेवलं, कारण हे झुडूप पुरुषभर होऊ शकतं आणि गच्ची आमची एवढीशी.

पहिलं फूल गणपतीत. सकाळी बघायला गेलो तर नुसती कळी, दुपारी पण कळीच, मला वाटलं काही रोग आहे की काय, आणि चारनंतर चहा घेऊन वर गेलो तर पिवळं फूल टक्क उघडं! तेव्हापासून रोज बघतोय, सकाळी जाणाऱ्याला काही दिसत नाही. आतले पुंकेसर खाली एका नळीत जुळलेले, थेट जास्वंदीची बहीण. कपाशीच्या पात्याला (कळीला) बाहेरून तीन हिरव्या पानांची झालर असते ना, ती मात्र इथे नाही.

पण खरी मजा फळाची. शिक्क्यासारखं दातेरी चाक, म्हणून तर हिला मुद्राही म्हणतात. मी फोडी मोजल्या, १७, १९, १८, प्रत्येकीत दोन-तीन बिया. चिकणा या दुसऱ्या रानझुडपाशी ज्यांचा घोळ होतो त्यांनी हेच बघा, त्याच्या फोडीत एकच बी असते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही हिला आधी चिकण्याच्याच सिडा प्रजातीत घातलं होतं, १८२६ मध्ये स्वीट या वनस्पतिशास्त्रज्ञाने अब्युटिलॉन या वेगळ्या प्रजातीत नेलं, तेव्हा आपण गोंधळलो तर काय मोठं.

आता वाईट बातमी. या आठवड्यात फळांवर लाल ढेकूण आले, जोडीजोडीने, शेपटीला शेपटी लावून. फोटो झकास आले पण हेच ढेकूण कपाशीच्या बोंडावर बसतात आणि कपाशीवरचा पिठ्या ढेकूणही पेटारीवर मुक्काम करतो, त्यामुळे आजीचं अगदीच चूक नव्हतं. सध्या फळ काळं पडायच्या आधीच तोडतोय, बियांसाठी फक्त दोन ठेवलीत, त्यांना मलमलची पिशवी बांधलीय.

बी हवी असेल त्यांनी सांगा, पण ज्यांची कपाशी आहे त्यांना देणार नाही हां.