बिरसीची धावपट्टी

गोंदियाला विमानतळ हवाच कशाला, असा प्रश्न नागपुरात आजही हसत हसत विचारला जातो. नागपुरातच सोनेगावचा विमानतळ असताना आणि हावडा मार्गावरील गाडीने गोंदिया दोन-अडीच तासांत गाठता येत असताना हा प्रश्न अगदीच अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र विमानतळ केवळ प्रवाशांसाठीच असतो, हे त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये, इंग्रजांनी गोंदियाजवळच्या बिरसी गावालगत या विमानतळाची धावपट्टी बांधली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली, 1998 मध्ये एमआयडीसीकडे गेली आणि 2005 च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. त्या वेळी नागरी विमान वाहतूक खाते गोंदियाच्याच प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते, ही गोष्ट गाळून हा इतिहास सांगता येत नाही.

सुमारे 2300 मीटर लांबीच्या या धावपट्टीवर खरा राबता आहे तो शिकाऊ वैमानिकांचा. प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था काढली. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागत असल्याने तीच ती छोटी विमाने घिरट्या घालतात, चाके टेकवतात आणि न थांबता पुन्हा उडतात. धावपट्टीच्या टोकांवरचे 04 आणि 22 हे आकडे म्हणजे होकायंत्राच्या अंशांतले शेवटचे शून्य गाळून लिहिलेली दिशा. वारा ज्या बाजूने येत असेल, तिकडे तोंड करून उतरायचे, हा पहिला धडा. धानाच्या या जिल्ह्यात बांध्यांवर बगळे उतरतात, त्यामुळे पक्ष्यांवर लक्ष ठेवणे हेही येथे रोजचेच काम ठरते. मार्च 2023 मध्ये बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळले आणि त्यातील दोघेही दगावले. हे शिक्षण किती जोखमीचे आहे, याचा नागपुरात फारसा कुणी विचार करत नाही.

प्रवासी सेवेची कथा थोडक्यात आटोपते. छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेखाली मार्च 2022 मध्ये इंदूर आणि हैदराबादसाठी विमान सुरू झाले, पण काही महिन्यांतच ते बंद पडले. डिसेंबर 2023 पासून इंडिगोचे एटीआर हे पंख्यांचे छोटे प्रवासी विमान हैदराबादला जाऊ लागले. दिवसाकाठी एकच प्रवासी विमान येणार असले तरी हवाई नियंत्रक, अग्निशमन बंब आणि सुरक्षा तपासणी यांतले काहीच वगळता येत नाही. म्हणून नुसती तिकिटे मोजून या विमानतळाचा हिशेब मांडणे मला अपुरे वाटते; त्यात प्रशिक्षणाची उड्डाणेही धरायला हवीत.