हात लावून बघायचं नाटक

प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम मी सांगलीत शिकले. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत टेबलावरचा रिकामा पेला जरी कुणी सहज उचलला, तरी आमचे बॅकस्टेजवाले दादा अख्ख्या संचासमोर त्याचा उद्धार करायचे. इथे ओहायोतल्या आमच्या गावच्या हौशी नाट्यसंस्थेतही नियम तोच. टेबलावर कागद पसरलेला, त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून खाली नाव लिहिलेलं. त्यामुळे स्टेज मॅनेजरने जेव्हा सांगितलं, की रविवारच्या प्रयोगाआधी टेबल उघडं ठेव, प्रेक्षक स्टेजवर येऊन सगळं हाताळणार आहेत, तेव्हा मला वाटलं हा माझी फिरकी घेतोय.

नाटक होतं 'द मिरॅकल वर्कर'. बघता-ऐकता न येणारी छोटी हेलन केलर आणि तिची शिक्षिका अ‍ॅनी सलिव्हन. २००५चा 'ब्लॅक' पाहिलेल्यांना गोष्ट सांगायची गरज नाही, फक्त त्यातला अमिताभ विसरा. १९५९ साली ब्रॉडवेवर आलेलं विल्यम गिब्सनचं हे नाटक त्या मानाने फार रांगडं आहे. १८८७च्या मार्चमध्ये अलाबामातल्या टस्कंबियाला उतरलेली अ‍ॅनी अवघी वीस वर्षांची. स्वतःचीच दृष्टी अधू, लहानपण अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात गेलेलं, धाकटा भाऊ तिथेच वारलेला. गुरुमाऊली वगैरे काही नाही. ही बाई हेलनशी मारामारी करते. जेवणघरातला तो प्रसंग कितीतरी मिनिटं चालतो आणि त्यात जवळजवळ संवादच नाहीत. चमचे उडतात, खुर्च्या पडतात, तोंडावर पाणी फेकलं जातं. आमच्या अ‍ॅनीने आणि हेलनने आतून कोपरापासून गुडघ्यापर्यंत पॅड बांधले होते. एरवी ही अ‍ॅनी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते.

आता सांगा, असा बिनसंवादाचा प्रसंग अंध प्रेक्षकाने बघायचा कसा? त्याची उत्तरं या लोकांकडे तयार होती. प्रयोग चालू असताना कानात एक छोटं यंत्र असतं. मागच्या केबिनमध्ये बसलेली एक स्वयंसेविका संवादांच्या फटींत हळू आवाजात हालचाली सांगत जाते. जेवणघरात फटीच फटी, त्यामुळे तिथे ती बिचारी धावतं समालोचन करत होती. आणि प्रयोगाच्या आधी तासभर ही स्टेजवरची फेरी.

सहा-सात जण आले. एकांबरोबर मार्गदर्शक कुत्रा होता, तो थेट हापशाशेजारी जाऊन आडवा झाला. पात्रं वेशभूषेत एकेक करून पुढे आली. स्वतःचं नाव, पात्राचं नाव आणि नाटकातलं एखादं वाक्य, म्हणजे पुढे आवाज ओळखता यावा. अ‍ॅनीने आपला काळा चष्मा हातोहात फिरवला. बाहीचं कापड, टेबलाची लांबी, जिन्याच्या पायऱ्या, दारापासून खुर्चीपर्यंतची पावलं, सगळं मोजून झालं. माझ्या टेबलावरची टॉवेलची बाहुली सगळ्यात जास्त वेळ फिरली. नाटकात तिला डोळेच नसतात. हेलन ते चाचपून बघते, आत्याच्या झग्याची बटणं ओरबाडते आणि आईला तिथे शिवायला लावते. एका आजींनी बाहुलीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही दोन बटणं एकाच झग्याची कशी? एक मोठं आहे." होतंच. एक हरवल्यावर मी दुसरं शिवलं होतं. पंधरवडाभर डोळस प्रेक्षकांतल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

हापसा माझ्या नवऱ्याची करामत. कुणाच्या तरी शेतावरून मागून आणलेला, खाली दडवलेली टाकी, छोटी मोटर. हँडल कितीही हापसा, पाणी विंगेतल्या बटणावर येतं. कुत्रावाल्या गृहस्थांनी दोनदा हापसून बघितलं आणि म्हणाले, "पाणी उशिरा येतं." हातावर पडणाऱ्या पाण्यावरून हेलनला 'पाणी' हा शब्द उमगतो, त्या शेवटच्या प्रसंगावर अख्खं नाटक उभं, म्हणून नवरा पडदा उघडेपर्यंत मोटरीशी झटत बसला.

पण मला खरं हलवलं ते प्रयोगानंतरच्या गप्पांत. त्याच आजी हेलन झालेल्या दहा वर्षांच्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, काम छान केलंस. पण खुर्ची आली की तुझी पावलं आधीच मंदावतात. म्हणजे तुला ती दिसते." मुलीचा चेहरा पडला. आजी थांबल्या नाहीत. स्वतःच्या घरात वाढलेलं मूल अडखळत चालत नाही, हातही पुढे पसरत नाही, त्याला घर पाठ असतं. खुर्ची कुणी हलवली असेल तरच ते आदळेल. दिग्दर्शक वहीत लिहून घेत होता. आपल्याकडे असे पाहुणे आले असते तर गुलाबपुष्प, सत्कार, अध्यक्षांचं भाषण आणि सगळ्यांचे डोळे ओले. इथे त्यांनी तिकीट काढलं, नाटक पाहिलं आणि चुका काढल्या.

आता तुमच्यातल्या कुणाला राग यायच्या आत माझाच राग सांगते. फेरीनंतर एका बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "तुमच्या देशात असं काही असतं का?" मी ताठ झाले. म्हटलं, आमच्याकडे अंध माणसं स्टेजवर असतात! स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' केलं. त्यांनीच २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. हेलन केलर स्वतः १९५५ साली भारतात येऊन गेल्या. आणि मी ज्या गावची, तिथे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा तुमच्या ओहायोला राज्य होऊन जेमतेम चाळीस वर्षं झाली होती. (हे शेवटचं मनात.)

सगळं खरं आहे. फक्त त्यांनी विचारलं होतं ते प्रेक्षकांबद्दल.

यांच्याकडे १९९०चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यामुळे हे सगळं निव्वळ माणुसकीपोटी चालतं असंही समजू नका. संस्थेच्या बैठकीत त्या कानातल्या यंत्रांच्या खर्चावरून चांगलीच कुरकुर झाली होती. कायदा आपल्याकडेही आहे, २०१६चा, आणि त्यात सांस्कृतिक जीवनाचाही उल्लेख आहे. पण आपल्या किती नाट्यगृहांत पायऱ्या न चढता खुर्चीपर्यंत जाता येतं, हे तुम्हीच आठवून बघा. उलट यांच्या प्रयोगाला जीव कमी, हेही सांगायला हवं. संहितेतला शब्द हलवायचा नाही, परवान्याची अटच तशी. आमच्या सांगलीच्या नटाने पदरचं एक वाक्य टाकून घर डोक्यावर घेतलं असतं. इथे एकदा दरवाजा अडकला तर दोघेही संवाद संपेपर्यंत त्या दाराकडे बघत उभे!

तर आता आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक आहे. नेहमीचं घरगुती विनोदी, मध्ये सोफा. अशी फेरी आपणही ठेवू, असं मी सुचवलं. पहिला प्रश्न आला, "पण आपल्यात अंध आहे कोण?" मी म्हटलं, दोघांचे आईवडील तरी नक्की आहेत, आजवर त्यांना घरी ठेवूनच सगळे आले. त्यावर शांतता, आणि मग दिग्दर्शकांचा खरा आक्षेप: नटराजपूजन होऊन नारळ फुटेपर्यंत स्टेजवर बाहेरचं माणूस चालायचं नाही. खरं सांगू, मी त्याच शिस्तीत वाढले, मला ते आतून पटतं. म्हणून पूजाच तासभर अलीकडे घ्या म्हणतेय, तर गुरुजींना त्या वेळी दुसरीकडे सत्यनारायण आहे. बैठक पुन्हा पुढच्या आठवड्यात. सोफा आमच्याच घरचा जाणार आहे, तेव्हा माझं थोडं तरी ऐकतील.