मानहाइममध्ये मॅनेजमेंट शिकायला येताय? मग हे वाचून या

जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या मध्यवस्तीत बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता इमारतींच्या चौकोनाचा असतो: एल 5, क्यू 6, के 7. फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून आयसीई ही वेगवान गाडी पकडली की साधारण अर्ध्या तासात मानहाइम येतं. स्टेशनाबाहेर पडल्यावर समोर एल 15 लागतं. आकडे उतरत जातील तसतसा राजवाडा जवळ येतो. बॅगा ओढत पायी गेलात तरी दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता, टॅक्सीवर पैसे घालवू नका.

हा राजवाडा म्हणजेच आपलं विद्यापीठ. 1720 साली बांधायला घेतलेली, चारशे मीटरहून लांब पसरलेली ही वास्तू दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. इथलं वाणिज्य शिक्षण मात्र त्या महायुद्धाच्याही आधीपासूनचं. शहराने 1907 मध्ये व्यापारी महाविद्यालय काढलं, आजचं विद्यापीठ त्यातूनच वाढलं. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज 1913 चं. म्हणजे दोन्हीकडे साधारण एकाच काळात लोकांना वाटू लागलं होतं की धंदा ही वर्गात बसून शिकायची गोष्ट आहे. मला हे समजलं तेव्हा फार बरं वाटलं.

मी कोल्हापुरात बी.कॉम. केलं आणि इथे मॅनेजमेंटच्या मास्टर्सला आले. मागून येणाऱ्यांना एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: इथे कोणी तुमच्या मागे लागत नाही. सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं असतं, ते शोधायचं, वाचायचं आणि वेळेत करायचं, हे तुमचं काम. आपल्याकडे कॉलेजच्या ऑफिसातून फोन येतो, वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी ‘उद्या शेवटची तारीख’ म्हणून टाकतं. इथे तारीख निघून जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

याची सुरुवात घरी असतानाच होते. जर्मनीतली बहुतेक विद्यापीठं ऑक्टोबरात सुरू होतात, मानहाइमचे वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीलाच. हा एक महिना भारी पडतो. ‘मित्राने अमुक महिन्यात व्हिसाची फाइल लावली, त्याचं झालं’ हा हिशोब इथे चालत नाही, कारण मित्र आखेनला किंवा म्युनिकला जाणारा असतो. भारतीय विद्यार्थ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याची फी 18,000 रुपये. प्रवेशाच्या निकालाची वाट न पाहता, शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिका हातात आल्या की लगेच अर्ज करा.

आता पैशांचं. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे इथे लागू नाही. मानहाइम ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो फी आहे. सत्राची वर्गणी वेगळी. भारतातल्या आपल्या विद्यापीठातून एका सत्रासाठी एक्स्चेंजवर येणाऱ्यांना मात्र ही फी भरावी लागत नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. त्यातून दरमहा 992 युरोच हातात येतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. खोलीचं डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. आल्या आल्या ते, पहिलं भाडं आणि विमा असं सगळं एकदम अंगावर येतं. त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर निदान दोन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. शैक्षणिक कर्ज काढत असाल तर बँकेच्या मॅनेजरशी ही रक्कम आधीच बोलून मंजूर करून घ्या, नंतर वाढवून मिळणं कठीण जातं.

खोलीसाठी श्टुडिअरेंडनवेर्क नावाची संस्था विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवते. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी तिथे अर्ज टाका. बाहेर खोली शोधताना ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असा निरोप आला तर तिथेच थांबा. ती फसवणूकच असते. भाड्याचे दोन आकडे असतात, काल्ट आणि वार्म. वार्ममध्ये हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरलेला असतो, विजेचा असेलच असं नाही, तेव्हा विचारून घ्या. आणि घरमालकाकडून तुम्ही राहायला आल्याचा सहीचा फॉर्म घ्या. तो नसेल तर शहरात नावनोंदणी होत नाही. नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, के 7 मधल्या नागरी कार्यालयात. पुढे सगळीकडे या नोंदणीचा कागद मागतात, त्यामुळे विमानात बसायच्या आधीच ऑनलाइन अपॉइंटमेंट शोधायला लागा. नोंदणी झाली की काही दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी द्यावं लागतं, पण ते घरटी असतं. चौघं एका फ्लॅटमध्ये असाल तर वाटून घ्या.

अभ्यासाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

पहिल्या लेक्चरला शेकडो मुलं बसली होती. हजेरी नाही. प्राध्यापक आले, वेळेवर सुरू केलं, वेळेवर संपवलं. ते ‘थँक यू’ म्हणाले आणि सगळा हॉल बोटांच्या पेरांनी बाकं वाजवू लागला. इथे टाळ्या वाजवत नाहीत, बाक ठोकतात. लाकडावरचा तो आवाज मला आजही आवडतो. खालच्या रांगेत बसलात तर पाठीत जाणवतो.

हजेरी नाही म्हणून कोणी जात नाही असं मात्र नाही. बऱ्याच विषयांत सगळे गुण सत्राच्या शेवटच्या एका लेखी परीक्षेवर असतात. आपल्यासारखे अंतर्गत 30-40 गुण सांभाळून घ्यायला नसतात. पेपर बहुधा तासाभराचा, आणि तो तास कमालीचा आटोपशीर असतो. व्याख्या, फायदे-तोटे असं पानभर लिहून भागत नाही. एखाद्या कंपनीचे आकडे देतात आणि भांडवलाचा खर्च काढायला सांगतात. मग विचारतात, हा आकडा बदलला तर तुमचा निर्णय का बदलेल? त्या ‘का’ला दोन ओळींची जागा असते. दोन ओळींत नेमकं लिहायची सवय आपल्याला नसते आणि ती आठवड्याभरात लागत नाही. जुने पेपर मिळवा, घड्याळ लावून सोडवा, पहिल्या महिन्यापासूनच.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. विषय निवडणं वेगळं आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. सत्राच्या मध्यात पोर्टलवर काही दिवस खिडकी उघडते, तेव्हा प्रत्येक परीक्षेची नोंद करावी लागते. नोंद नसेल तर हॉलमध्ये बसता येत नाही, मग तुम्ही सगळी लेक्चरं केली असोत. नोंदणी करून गैरहजर राहिलात तर 5.0, म्हणजे नापास. आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन प्रमाणपत्र घ्या. गुणांची पट्टी उलटी आहे: 1.0 सर्वांत चांगलं, 4.0 ला पास. घरच्यांना हे आधी समजावून ठेवा, नाहीतर 1.7 ऐकून आई काळजीत पडते.

गटात काम करताना जर्मन मुलं सुरुवातीला तुटक वाटतील. बैठकीचा अजेंडा आधी येतो, काम वाटून दिलं जातं, आणि एखाद्याची स्लाइड आवडली नाही तर तोंडावर सांगतात. त्यात राग नसतो. बैठक संपली की तीच मुलं मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, आपल्या शेजारी जागा धरून बसतात. मला ही पद्धत मनापासून पटली. ‘छान आहे’ म्हणून मागे नावं ठेवण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी.

खाण्यापिण्याची फार चिंता करू नका. मार्क्टप्लाट्झच्या आसपासच्या तुर्की दुकानांत कोथिंबीर, मिरच्या, डाळी, छोले सगळं मिळतं. बॅगेत कांदा-लसूण मसाला आणि छोटा कुकर आणा, पोहे-रवा आणून वजन घालवू नका. रविवारी दुकानं बंद असतात, फक्त स्टेशनातली चालू. प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात, त्या फेकू नका. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अभ्यासाचा ताण नेमका तेव्हाच असतो. त्या दिवसांत खोलीत एकटं बसू नका. लायब्ररीत जा, लोकांत राहा, मराठी मंडळींना फोन करा. उदास वाटत असेल तर विद्यापीठाशी संलग्न समुपदेशन केंद्र आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही.

शेवटी भाषा. आमचा अभ्यासक्रम इंग्रजीतून करता येतो, म्हणून बरेच जण जर्मनकडे दुर्लक्ष करतात. तसं अजिबात करू नका. मोठ्या कंपन्या जवळच आहेत: ऱ्हाइन नदी ओलांडली की लुडविग्सहाफेनला रसायनांची बीएएसएफ, थोड्या अंतरावर वाल्डोर्फला सॉफ्टवेअरची एसएपी, शहरातच औषधांची रोश. शिकता शिकता आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करणारे इथे खूप आहेत आणि पुढची नोकरी बऱ्याचदा त्यातूनच मिळते. पण जाहिराती पाहा: फायनान्स, अकाउंटिंग, एचआर, जवळपास सगळीकडे जर्मन मागतात. आयटीवाल्यांचं इंग्रजीवर निभावतं, आपलं निभावणं अवघड. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, जर्मनची बी 1 ही मधली पातळी तिथेच करून या. इथे आल्यावर लेक्चर, स्वयंपाक आणि कागदपत्रं यांतून वेळ काढून अगदी पहिल्यापासून शिकणं फार जड जातं. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. तो पुरेसा आहे, पण ज्यांनी भाषा आधी केली त्यांनाच. प्रवेशाची वाट पाहत बसला असाल तर या महिन्यातच क्लास लावा.