सापात धुकं बसलं की खोऱ्यात उतरायचं

सकाळी सातला हॉटेलच्या दारातून समोरचा कठडाही दिसेना. जानेवारीतलं सापा. उत्तर व्हिएतनाममधलं हे गाव साधारण १,५०० मीटर उंचीवर आहे. माझ्याबरोबर पुण्या-नाशिकची सोळा माणसं होती आणि त्या दिवशी ठरला होता फान्सिपान शिखराचा रोपवे. कधी कधी ढग गावावरच बसतो आणि ३,१०० मीटरहून उंच असलेलं शिखर उन्हात असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी वरची हवा विचारायचीच. वरही पाऊस-वारा होता. रोपवे दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि सगळ्यांना घेऊन मुओंग होआ खोऱ्यात उतरलो. खोऱ्यातली गावं बरीच खाली आहेत. धुकं पुष्कळदा वरच राहतं.

वाट ई लिन्ह हो, लाओ चाय, ता वान अशी. बारा-एक किलोमीटर, थांबत थांबत पाच तास. पहिली दोन गावं काळ्या ह्मोंग लोकांची (‘काळे’ हे नाव कपड्यांच्या रंगावरून), ता वान झाय लोकांचं; दोन्ही इथल्या डोंगराळ जमाती. खरी अडचण चढाची नाही, चिकणमातीची. बुटांच्या खाचा मातीने भरल्या की तळवा गुळगुळीत होतो आणि उतारावर पाय सुटतो. गावात भाड्याने गमबूट मिळतात, तेच घ्यावेत. आत जाड मोजे हवेत, नाहीतर टाचा सोलतात. भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालताना कडेवर पाय द्यायचा नाही. बांध ढासळला तर शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं. थंडीमुळे इथे वर्षाला एकच पीक निघतं, तेव्हा हे नुकसान लहान नसतं.

गावाबाहेर पडताच सात-आठ ह्मोंग बायका सोबत चालू लागल्या. पायात साध्या प्लॅस्टिकच्या चपला, पाठीवर टोपली, आणि घसरणाऱ्याचा हात नेमका धरणार. हे मी ग्रुपला आधीच सांगून ठेवतो: हा त्यांचा दिवसाचा रोजगार आहे. मुक्कामी त्या टोपलीतून भरतकामाच्या पिशव्या काढतात. पाच तास हात धरून चालल्यावर ‘आम्हाला काही नको’ म्हणणं मला पटत नाही. जिचा आधार घेतला तिच्याकडून काहीतरी घ्यावं, फार घासाघीस करू नये. लहान मुलांकडून मात्र काहीच घेऊ नये. विक्री चालली की मुलं शाळा सोडतात.

कापड अस्सल असेल तर ते हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, धाग्याचं असतं. घरच्या निळीत ते पुन्हा पुन्हा बुडवतात, वाळवतात, म्हणून जवळजवळ काळं होतं. हा रंग सुटतो. एका काकूंनी ओली पिशवी पांढऱ्या स्वेटरवर अडकवली आणि खांदा निळा झाला. असं कापड वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावं, पहिले काही वेळा वेगळंच धुवावं.

जेवण ता वानला. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी, पण एवढ्यावर भागत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, चटणीत माशाचा सॉस असतो. दोन्ही नकोत असं व्हिएतनामीत लिहिलेला कागद मी थेट चुलीपाशी देतो. टोमॅटोतलं टोफू, परतलेली कोबी आणि भात सगळ्यांना चालला.

परतीला गाडी सकाळीच ठरवलेली बरी. ता वानला आमच्यावर ढगाळ उजेड होता. गाडी चढू लागली आणि वळणावळणाने काचा पुन्हा पांढऱ्या झाल्या.