टेलिफोटो झूमचा शोध, महिना चौथा: २३०० ग्रॅम की ११६०?

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की पक्ष्यांच्या फोटोंसाठी ७०-३०० वर आता भागत नाहीये (लेन्सचे हे आकडे मिलिमीटरमध्ये, आकडा मोठा तेवढा पक्षी मोठा दिसतो). माझ्या निकॉन डी७५०० कॅमेऱ्याला तीच एएफ-पी लेन्स लावून तीन सीझन काढले, वजन ६८० ग्रॅम फक्त, शार्पपण आहे, पण पक्षी फ्रेममध्ये एवढासा येतो आणि मग क्रॉप करत गेलं की पिसांचा नुसता लगदा होतो. म्हणून या दोन महिन्यांत निकॉनची २००-५०० आणि सिग्माची १००-४०० कंटेम्पररी, दोन्ही भाड्याने आणून मनसोक्त वापरल्या. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररीपण यादीत होती, १९३० ग्रॅम, पण दोन किलोच्या घरात जायचंच असेल तर एफ ५.६ सोडून ६.३ (आकडा मोठा तेवढा आत येणारा उजेड कमी) का घ्यायचं, म्हणून ती आधीच बाजूला ठेवली.

आधी भिगवण, उजनीच्या पाण्यावरचं पक्षी बघायचं ठिकाण. २००-५०० घेऊन पहाटे नावेत बसलो आणि खरं सांगतो, पहिल्या तासाभरात मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं की हीच. नावेत बसलेलं असतं, कोपर गुडघ्यावर टेकतं, ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं ट्रायपॉडला जोडायचं कडं) तळहातावर, त्यामुळे २३०० ग्रॅम जाणवतच नाहीत. चित्रबलाकाच्या पंखांवरची गुलाबी छटा ५०० ला वाइड ओपनमध्येसुद्धा (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून) इतकी स्वच्छ आली की घरी येऊन मी बराच वेळ नुसतं झूम करून बघत बसलो होतो. गणितपण साधं आहे, ४०० च्या ऐवजी ५०० म्हणजे त्याच अंतरावरून पक्ष्यावर दीडपटीहून जास्त पिक्सेल, नेमकं सांगायचं तर १.५६ पट. आणि ३०० शी तुलना केली तर पावणेतीन पटीच्या वर.

पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचे रोहित (फ्लेमिंगो) ५०० काय नि ४०० काय, दोन्हीत सारखेच मऊ येतात. तिथे जास्तीच्या काचेचा काहीच उपयोग नाही, अंतर कमी करणं हाच उपाय.

मग पुण्याजवळची सिंहगड व्हॅली, आणि इथे सगळं चित्र पालटलं. इथे बसायचं नसतं, चालायचं, थांबायचं, वर फांदीकडे लेन्स धरून वाट बघायची. बॉडी ७२० आणि लेन्स २३००, म्हणजे तीन किलो डोळ्याशी धरून उभं राहायचं. स्वर्गीय नर्तकाचा नर झाडीत शिरला, मी लेन्स वर धरून थांबलो, मिनिटभरात दंड भरून आले म्हणून खाली घेतली आणि तेवढ्यात तो समोरून शेपटी फडकवत गेला. असं एकदा नाही, तीनदा झालं. व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) आहे, चांगलं आहे, पण हात थकल्यावर फ्रेममध्ये पक्षी ठेवणंच जमत नाही, मग शार्पनेस कुठून येणार. दहानंतरचे माझे फोटो सातच्या फोटोंपेक्षा सरळसरळ वाईट आहेत, लेन्स तीच, पक्षीपण बरेचसे तेच.

पुढच्या रविवारी तिथेच सिग्मा नेली, ११६० ग्रॅम. निम्मं वजन. पुढचं हूड धरून ढकल-ओढ करूनपण झूम होतं ते मला फार आवडलं, पक्षी जवळ आला की क्षणात १०० वर येता येतं. सावलीत मात्र किंमत मोजावी लागली, जिथे २००-५०० वर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पुरत होतं तिथे ६.३ मुळे ४००० लागलं, निळ्या माशीमाराच्या पाठीवर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दिसतो. टोकाला ४०० वर कडा थोड्या मऊ आहेत, पण पक्षी मध्यात असतो त्यामुळे मला फरक पडत नाही. कॉलर बसवायची सोय नाही हे ज्यांना ट्रायपॉड लागतो त्यांनी आधीच लक्षात घ्या.

दोन्ही दिवसांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. सगळ्यात सुंदर एकच फ्रेम निवडायची तर ती २००-५०० ची आहे, यात वादच नाही. पण ठेवण्यासारखे फोटो सिग्माचे जास्त, आणि नाचण पक्ष्याचे उडतानाचे दोन तर अशा वेळेचे आहेत जेव्हा मोठी लेन्स माझ्या खांद्यावर लटकलेली असती. मी वर्षातून भिगवणला दोनदा जातो, चालत फिरतो ते जवळजवळ दर रविवारी, कवडीपाट नाहीतर सिंहगड. त्यामुळे सिग्मा घेतली, आणि भिगवणच्या त्या दोन खेपांना २००-५०० भाड्यानेच आणणार.

आता सिग्माचा यूएसबी डॉक मागवलाय, लेन्स कॉम्प्युटरला जोडून तिचा फोकस बारकाईने जुळवायला. बॉडीतल्या फाइन ट्यूनमध्ये अख्ख्या झूमला एकच आकडा देता येतो, डॉकवर चार फोकल लेंग्थ गुणिले चार अंतरं असे सोळा देता येतात. मला आधी ४०० चे चार नीट लावायचेत, दहा-पंधरा मीटरवर तर नक्कीच, कारण व्हॅलीत पक्षी बहुतेक तेवढ्याच अंतरावर बसतो. कोणी हे केलं असेल तर टार्गेट म्हणून काय वापरलंत ते सांगा, मी सध्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून सुरुवात केलीये.